नांदेडचा पातळ दालचा

औशाच्या जहांगीर मन्सूरीचा धंदा गाद्या भरायचा, पण नाव झालं ते लग्नातल्या डाळ-मटणाच्या दालच्यामुळं. कुठल्याही लग्नातून जेवून आला की हात वाळायच्या आत फेसबुकवर निकाल लावायचा. बगारा भाताला एक ओळ, दालच्याला दहा. चाकूरला चिंच जास्त, जळकोटला मटण नुसतं वासापुरतं. त्यानं कुणालाच सोडलं नाही. दोन आचारी त्याला सलाम करीनासे झाले होते आणि त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं.

त्या जुम्म्याला मात्र हे सगळं अंगाशी आलं. नांदेडचे पाहुणे त्याच्या लेकीची, उमैमाची, सोयरीक पक्की करायला निघाले होते. मुलगा फैजान तिला मनापासून आवडलेला. फळं धुता धुता जहांगीरची बायको अफसाना सहज म्हणाली, "फैजानच्या बहिणीच्या लग्नाला आपण गेलतो की हो. तुमच्या उदगीरच्या दोस्ताच्या पोराच्या बरातीत."

जहांगीरच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या लग्नावर आपण काय लिहिलं होतं ते त्याला आठवलं. आणि फैजानच्या वडिलांना, दिलशादभाईंना, त्यानं परवाच फेसबुकवर दोस्त करून घेतलं होतं! वाचलं की सोयरीक मोडली म्हणून समजा.

"पाहुणे कुठवर आले?"

"अहमदपूर सोडलं म्हणे."

कापसाच्या ढिगावर बसून त्यानं आपल्याच पानावर 'दालचा' शोधला. उलटसुलट तारखांच्या पोस्टी धडाधड आल्या. वाचता वाचता स्वारी स्वतःवरच खूश झाली.

"ये, निलंग्याचं ऐक गं, काय लिवलंय मी!"

"आधी ते नांदेडचं काढा! लातूर सोडलं त्यांनी!"

मग उमैमा सातवीत असतानाची एक पोस्ट समोर आली. 'आज लेकीनं पहिल्यांदा दालचा केला. मीठ विसरली. मी तीनदा मागून घेतला. असा दालचा औशात कुणी केला नसेल.' जहांगीरचं बोट तिथंच थांबलं. ही पोर आता नांदेडला जाणार, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

नांदेडची पोस्ट सापडली ती दारात गाडी थांबता थांबता. 'गोदावरीला पूर आलाय म्हणतात, तो आज मांडवातल्या देगीत बघितला. डाळ शोधायला बॅटरी लागली.' त्यानं ती उडवली, घाम पुसला आणि पाहुण्यांना गळामिठी मारायला धावला.

चहा झाला. दिलशादभाईंनी फोन काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जहांगीरभाई, ती गोदावरीच्या पुराची पोस्ट कुठं गेली हो? काल तर होती."

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. जहांगीरनं रिकामाच कप तोंडाला लावला.

"सोयरीक करायची म्हणून तुमचं सगळं पान वाचून काढलं मी," दिलशादभाई म्हणाले. "अहो, बरात दुप्पट आलती. देगीत पाणी मीच ओतलं, ह्या हातानं! सगळे तोंडावर वाहवा करून गेले, खरं तुम्हीच लिवलं. आमच्या घरचे लई भडकले. मग त्यांना मी ती मीठ विसरल्याची पोस्ट वाचून दाखवली. म्हणलं, साऱ्या मराठवाड्याला न सोडणारा माणूस लेकीचा अळणी दालचा तीनदा मागून खातो. ह्याच घरची पोरगी पायजे."

जहांगीरला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. सगळं घर खो खो हसत सुटलं.

जेवणाचा दस्तरखान अंथरला. दालचा उमैमानंच केला होता. जहांगीरनं पहिला घास घेतला. मीठ नव्हतंच. घाबरगुंडीत पोर पुन्हा विसरली होती. त्यानं चोरून दिलशादभाईंकडं पाहिलं. ते मान खाली घालून निवांत जेवत होते. ताट रिकामं झालं तसं त्यांनी ते पुढं केलं.

"दालचा वाढ, बेटा."

थोड्या वेळानं पुन्हा मागितला. त्यांनी तिसऱ्यांदा ताट पुढं केलं तेव्हा जहांगीरच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट लागलं का, भाई?" दिलशादभाईंनी विचारलं.

"हाव," जहांगीर म्हणाला. "लई."