तिघेही पहिले

सुकापूरच्या तीन भावांनी इमारती बांधायला घेतल्या आणि त्यांची वेबसाईट सजवायचं काम माझ्याकडे आलं. मी सीएसएस लिहिते. म्हणजे पानावर काय असावं ते दुसरे ठरवतात. ते कुठे बसेल, केवढं दिसेल, कुठल्या रंगात, हे मी बघते. आमचे बाबा याला रांगोळी म्हणतात. ऐरोलीची नोकरी सोडून घेतलेलं हे माझं पहिलं स्वतःचं काम होतं. ते फसलं तर मुकाट्याने जुन्या साहेबांना फोन करायचा, असं मी बाबांना कबूल करून बसले होते.

फ्लॅटचे फोटो, नकाशे, सगळं पसंत पडलं. घोडं अडलं ते भावांच्या फोटोंवर. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाचं डोकं कुणाच्या वर, यावरून सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत. थोरल्या हरेशशेठनी तर स्पष्टच सांगितलं, "मी मोठा हाय. माजा फोटू पयला नाय, तर वेबसाईट नाय." मधले काशिराम म्हणाले, जमिनीची सगळी भानगड त्यांनी निस्तरली, तेव्हा मान त्यांचा. धाकट्या प्रणितचं म्हणणं, गिऱ्हाईक येतं ते त्याच्या ओळखीने. तिघांना एका रांगेत बसवून पाहिलं, तर डावीकडचा पहिला की मधला, यावरून पुन्हा जुंपली.

माझं डोकं फिरलं. लोक घर घेणार ते भिंती बघून, यांच्या मिशा बघून नव्हे. पण हरेशशेठ सगळं टॅबवर बघतात, काशिराम लॅपटॉपवर आणि प्रणित मोबाईलवर, हे माझ्या लक्षात आलं होतं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणं हे तर माझं रोजचं काम. मोबाईल असेल तर प्रणित पहिला, टॅब असेल तर हरेशशेठ, लॅपटॉप असेल तर काशिराम, असं लिहून टाकलं आणि प्रत्येकाला एकेकटं गाठून दाखवलं. तिघेही खूश झाले. तिघांनीही मला बजावलं, की बाकीच्या दोघांसमोर विषय काढू नको, उगाच मनाला लावून घेतील.

नव्या ऑफिसच्या पूजेला मीही गेले. प्रसाद झाल्यावर वेबसाईट सुरू झाल्याचं जाहीर करायचं ठरलं होतं. त्यांची आई हौसाबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. हरेशशेठनी तिला टॅबवर आपला फोटो दाखवला आणि तो तिच्या मांडीवर ठेवून ते पाहुण्यांकडे वळले. मग प्रणित आला, आपला मोबाईल तिच्या हातात देऊन गेला. मी प्रसादाचा द्रोण बाजूला ठेवला. म्हातारीने टॅब पाहिला, मोबाईल पाहिला, पुन्हा टॅब पाहिला. मग काशिरामला हाक मारून त्याचा लॅपटॉप मागवला, आणि तो ठेवून गेल्यावर तोही पाहिला.

तिने बोटाने मला जवळ बोलावलं. आता ती तिघांना हाका मारणार आणि सोमवारी मी ऐरोलीला, हे मी धरूनच चालले. भीती वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता.

"ह्या तू केलंस?" तिने विचारलं. मी मान हलवली.

तिने मुलांकडे एकदा पाहून घेतलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "मी तरी काय येगला केलंय? एकेकाला बाजूला घेऊन सांगत आले, तूच माजा लारका. तिघांनाबी खरा वाटतंय. तू गप ऱ्हा."

तिने तिन्ही वस्तू ज्याच्या त्याला बोलावून परत दिल्या, आणि प्रत्येकाला म्हणाली, झ्याक झालंय. वेबसाईट सुरू झाली. बाबांनी पेढे आणले.

मला एक भाऊ आहे, दीपेश. तळोज्याला राहतो. लहानपणापासून आई मला एकटीला गाठून सांगते, की दीपेशला बोलू नको, पण खरी लाडकी तूच. ती त्याला काय सांगते, हे विचारायला मी अजून त्याला फोन केलेला नाही.