मी आता मीच

"चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही हं," हर्षवर्धन सर म्हणाले. "जी आली ती आपली. त्याच मुलाची भूमिका करायची."

क्षितिजाने घडी उलगडली. अक्षर तिचंच होतं.

सकाळी प्रत्येकाने एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची एक अडचण नाव न घालता लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची होती. कुणी लिहिलं, कॅन्टीनमध्ये एकटं बसावं लागतं. कुणी प्रेमभंग लिहिला आणि शेजाऱ्याला दाखवून हसला. क्षितिजाने लिहिलं होतं, 'नापास झाले. घरी पास सांगितलं. पाच महिने रोज कॉलेजात येऊन नुसती बसते. आता काय करू?' ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला येईल, तिसरं कुणीतरी त्यावर काही बोलेल आणि आपण मागे बसून ते गुपचूप ऐकून घेऊ, एवढाच तिचा डाव होता. बावीस चिठ्ठ्या होत्या. दैवही कधीकधी इतकं आळशी असतं, की दुसऱ्याच्या हातापर्यंत जायचे कष्टसुद्धा घेत नाही.

वसईतल्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये 'समवयस्क मार्गदर्शक प्रशिक्षण' असा बॅनर लावला होता. इतकं लांबलचक कोण बोलणार? इंग्रजीतल्या पीअर एज्युकेटरचं पोरांनी 'पीई' करून टाकलं, आणि पहिल्या दिवशी दोघं जण व्यायामाचा तास समजून खरोखर ट्रॅकसूट घालून आले. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी एफवायच्या मुलांना आधार कसा द्यायचा, ऐकायचं कसं, ऐकलेलं पोटात कसं ठेवायचं आणि आपल्याला झेपेना तर कुणाकडे न्यायचं, असं तीन दिवसांचं हे शिक्षण. शिकवायला मुंबईच्या एका संस्थेचे हर्षवर्धन सर आले होते. माणूस चांगला, फक्त घड्याळाचा गुलाम.

खरी गोम अशी होती, की क्षितिजा एसवायची नव्हतीच. बारावी तिने क्लासच्या नोट्सवर निभावली, पण एफवायला कुणाला काय विचारावं तेच कळेना, आणि वर्षाच्या शेवटी पाच विषयांत केटी लागली. एवढ्या केट्या घेऊन पुढच्या वर्गात जाता येत नाही. निकाल मोबाइलवर बघून ती जिन्यात बसली होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "झालीस ना गं?" त्यांनी विचारलं, आणि तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. संध्याकाळपर्यंत विरारच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सातही मजल्यांवर पेढे पोचले होते. पेढे वाटून झाल्यावर खरं सांगायचं कसं? उद्या सांगू, गणपती झाले की सांगू, दिवाळी झाली की सांगू, असं करता करता डिसेंबर उजाडला. बाबांनी एसवायच्या फीसाठी दिलेलं पाकीट फिजिक्सच्या पुस्तकात जसंच्या तसं पडून होतं. ती रोज डबा घेऊन निघायची, जुनं आयकार्ड गळ्यात घालायची. वॉचमन ओळखीने आत सोडायचा, आणि ती लायब्ररीतल्या शेवटच्या बाकावर संध्याकाळ करायची. जुन्या वर्गातल्या पोरी दिसल्या की कपाटाआड व्हायची. प्रशिक्षणाच्या नावांचा कागद लायब्ररीच्याच टेबलावर ठेवला होता. तिने नाव लिहिलं, पुढे एसवाय बीएस्सी लिहिलं. यादीत बीएस्सीचं दुसरं कुणी नव्हतं, आणि कुणी तपासलंही नाही. घरी दाखवायला निदान एक सर्टिफिकेट तरी होईल, असं तिला वाटलं होतं.

"चला, चला, वेळ नाही," सर म्हणाले. "क्षितिजा विद्यार्थिनी. प्रिन्सी मार्गदर्शक. सुरू."

प्रिन्सी भुईगावची, बीकॉमची, मनाने अगदी सरळ मुलगी. तिने मांडीवरच्या छापील प्रश्नांच्या कागदाकडे एकदा बघून घेतलं.

"हाय, मी प्रिन्सी. तू जे सांगशील ते आपल्या दोघींत राहील. तुला कसं वाटतंय?"

क्षितिजाने तोंड उघडलं. थोडंसं काहीतरी बोलून उठायचं, असं तिने ठरवलं होतं. पण हा प्रश्न पाच महिन्यांत तिला कुणी विचारलाच नव्हता, कागदावर बघूनसुद्धा.

"रोज सकाळी वाटतं, आज सांगू," ती म्हणाली. "पण आई डब्यात एक पोळी जास्त घालते. अभ्यासानं भूक लागते म्हणते. ती पोळी बघितली की मला बोलताच येत नाही. बाबा रात्री विचारतात, आज काय शिकवलं? मी मागच्या वर्षीचंच सांगते. त्यांना त्यातलं काही कळत नाही, तरी मान हलवत ऐकत बसतात. नापास झाल्याचं मला आता काही नाही वाटत गं. फक्त एवढंच वाटतं, की बाबांना कळेल त्या दिवशी मी तिथे नसावं. कुठेच नसावं."

प्रिन्सीने कागदावर बोट फिरवून ओळ शोधली. "तुला असं वाटणं स्वाभाविक आहे," ती म्हणाली.

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. ट्रॅकसूटवाल्याने शिट्टीही मारली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"हे बघा, याला म्हणतात रोल-प्ले! आणि लक्षात आलं का? आपल्या पुस्तिकेतलं पान तीनवरचं धोक्याचं वाक्य तिने किती सहज वापरलं. 'कुठेच नसावं.' व्हेरी गुड. आता रोल उतरवायचा."

ही सरांची पद्धत होती. नाटकातलं दुःख अंगावर राहू नये म्हणून उभं राहायचं, खांदे झटकायचे, आपलं नाव आणि वर्ग मोठ्याने सांगायचा आणि शेवटी म्हणायचं, 'मी आता मीच आहे, मी ठीक आहे.'

क्षितिजा उभी राहिली. तिने खांदे झटकले. "मी क्षितिजा जयवंत पाष्टे. एसवाय बीएस्सी. मी आता मीच आहे. मी ठीक आहे."

बसून बोलली ते एकूण एक खरं होतं, आणि उभी राहून बोलली त्यात नावापलीकडे खरं काही नव्हतं.

"उद्या समारोपाला प्रिन्सिपल येतील, पालक येतील," सर म्हणाले. "हीच जोडी स्टेजवर. असंच, जसंच्या तसं."

प्रशिक्षण सुटलं तेव्हा बाबांचा फोन आला. ऑफिसात गणपतीशिवाय कधी रजा न मागणाऱ्या माणसाने उद्याची अर्धी रजा टाकली होती. "पत्रिका व्हॉट्सॲपवर आली बरं का. पहिल्या रांगेत बसायचं म्हणतायत. तुझी आई शर्टाला इस्त्री करत बसलीये, सांग तिला काहीतरी!" ते हसत होते. क्षितिजा "बरं" म्हणाली.

तिने प्रिन्सीला पायऱ्यांवर गाठलं. "प्रिन्सी, ती ॲक्टिंग नव्हती गं."

"चल गं! आता मला पन फसवतेस काय?" प्रिन्सीने तिच्या दंडावर चापट मारली. "माझ्या अंगावर काटा आला, शपथ! पळते हां मी. घरी बाळ येशूचा गोठा बांधायचाय नाताळचा, भाऊ एकटाच लागलाय." ती स्कूटरवर बसून निघूनही गेली.

सर गाडीत बसत होते. "सर, एक मिनिट. मी जे बोलले ना..."

"अप्रतिम बोललीस. पण आता त्यातून बाहेर ये बरं. नाही तर रात्री झोप लागणार नाही. उद्या बोलू." दार लागलं. दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं यावर त्या माणसाने दोन दिवस व्याख्यान दिलं होतं.

क्षितिजा दप्तर घ्यायला परत हॉलमध्ये आली. उद्या इथे यायचं नाही, घरी जायचं नाही, कुठेच जायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. शिपाईकाम करणाऱ्या भागूबाई लादी पुसत होत्या. त्या जूचंद्रच्या. कॉलेजात झाडण्यापासून चहापर्यंत सगळं त्याच बघायच्या.

"जाते मावशी," क्षितिजा म्हणाली.

भागूबाईंचा हात थांबला. त्या फडकं बादलीत टाकून सरळ उभ्या राहिल्या.

"काय म्हनलीस?"

"जाते म्हटलं."

"जाते नाय म्हनायचं, बाय. येते म्हन."

क्षितिजाने दप्तर उचललं. लहानपणापासून हजार वेळा सहज तोंडातून पडलेला शब्द, पण आता तो तिला म्हणता येईना. भागूबाई दारात जाऊन उंबऱ्यावर बसल्या. वाट अडवूनच बसल्या म्हणा ना.

"माजी पोर हंसा आसंच म्हनाली होती, जाते. मी भाकऱ्या करीत होते. मला वाटलं, पानी आनायला चालली आसंल. परत नाय आली." त्यांनी पदराने हात पुसले. "तू रोज त्या मागच्या बाकावर बसतंस. वर्गात कदी जात नाय. मी बघते ना. कोनाला बोलले नाय, पन बघते. काय झालंय ते नको सांगू मला. फकस्त येते म्हन. मंग उठते मी."

बादलीतलं पाणी स्थिर झालं. शेवटी क्षितिजाला रडू फुटलं, आणि रडण्यातच ती "येते" म्हणाली.

"आता यावं लागंल," भागूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

म्हणून ती दुसऱ्या दिवशी आली. दुसरं काही कारण नव्हतं.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, मोबाइल व्हिडिओसाठी धरून. प्रिन्सीने हाय म्हटलं, कसं वाटतंय विचारलं. क्षितिजाने पोळीचं सांगितलं, रात्रीच्या प्रश्नाचं सांगितलं, कुठेच नसावं हेही सांगितलं. समोर प्रिन्सिपल मान डोलावत होते. बाबांनी मोबाइल मांडीवर ठेवून डोळे पुसले आणि शेजारच्या पालकांना सांगितलं, "माझी मुलगी." ते तिला स्टेजवर ऐकू आलं.

टाळ्या झाल्या. सर माइकवर म्हणाले, "आता रोल उतरवू या."

क्षितिजा उभी राहिली. मागे दारात भागूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तिने खांदे झटकले नाहीत.

"मी क्षितिजा जयवंत पाष्टे," ती म्हणाली. "एफवाय बीएस्सी, नापास. मी आता मीच आहे." पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही.

सगळ्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा मोठ्या. सर तेवढे वाजवत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. प्रिन्सीने तोंडावर हात धरला. बाबांनी सवयीने दोन टाळ्या वाजवल्या, तिसरीला हात जोडलेलेच राहिले. आईच्या पोळीचं नाटकात कोण लिहील? ते उठले आणि पालकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेले.

स्टेजच्या कडेचं दप्तर उचलून ती मागून धावली. ते व्हरांड्यात कठड्याला धरून उभे होते. तिला बघून ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाच महिने," बाबा म्हणाले. "कुठे बसायचीस?"

"लायब्ररीत."

"दाखव."

ती पुढे, ते मागे. लायब्ररीत कुणी नव्हतं. शेवटच्या बाकाशी आल्यावर ते खाली बसले, अगदी तिच्या जागेवर, शाळेतल्या पोरासारखे गुडघे वर घेऊन. त्यांनी बाकावरून हात फिरवला. मग वर बघितलं.

"हा पंखा चालत नाही?"

"नाही."

"मग ऑक्टोबरात कशी बसलीस गं?"

ते बराच वेळ त्या पंख्याकडेच बघत राहिले. निकालाचं, पेढ्यांचं, बिल्डिंगचं ते एक अक्षर बोलले नाहीत. मग उठले, तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि चालू लागले. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर मोठी चुणी पडली होती. एवढ्यात त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं, आणि ते आपण वाढवलं, हे तिला दिसत होतं.

गेटपाशी भागूबाई उभ्या होत्या. त्यांनी बाबांपुढे पाण्याचा ग्लास धरला. बाबांनी तो एका दमात संपवला आणि परत दिला.

"जातो आम्ही," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

भागूबाईंनी क्षितिजाकडे बघितलं.

क्षितिजाने बाबांचं मनगट घट्ट धरलं आणि गेटमध्येच थांबली.

"येतो म्हणा, बाबा."