शिवणाऱ्या बाईंचा दंड

“हात टेबलावर सैल टेका, आणि माझं होईस्तोवर गप्प बसा.” घरातले हे मी ऐकलेले पहिले शब्द. बोलत होती सून, ऐकत होते तिचे सासरे. ते निवृत्त बसचालक. गप्प बसणे त्यांना ठाऊक नव्हते.

“जेवणातलं मीठ काढलंस, आता जीभही काढून घे!”

“तीही काढीन. हात हलवू नका.”

मित्रांनो, मी एक जुने रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. कारखान्यात मला तबकडी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा मिळाला. सूनबाई घरीच शिवणकाम करीत. सकाळची प्रार्थना झाली की माझा नेम. सासऱ्यांचा दाब आटोक्यात राहिला. सगळे मला शाबासकी देत. मी ती मनावर घेतली नाही. मोजणे माझे, पाळणे माणसांचे.

पुढे बाईंची बोटे सुजू लागली. सकाळी कात्री उघडेना. आमवात, असे निदान झाले. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस आले की त्या वेदनाशामक गोळ्या मनानेच आणून घेत आणि फिरणे सोडून देत. त्याच दुखऱ्या बोटांनी त्या माझा फुगा दाबत. पट्टा स्वतःच्या दंडाला मात्र कधी लावला नाही.

सासरे गेले. मी कपाटात पडून राहिले.

एके दिवशी बाईंनी मला सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. “कुणा गरजूला द्या. आमच्याकडे आता कुणाला प्रेशर नाही.”

“तुमचं कधी मोजलंत?”

“माझं? अहो, माझं दुखणं सांध्यांचं!”

“बसा बघू.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर मोजले, मग स्वतःच्या यंत्रावर. दोन्हीकडे आकडा चढाच.

“यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही नाही. ही सूज सांध्यांपुरती थांबत नाही, रक्तवाहिन्यांनाही त्रास देते. म्हणून हृदय आधीपासूनच जपायचं. सांध्यांचं औषध चुकवू नका, कोलेस्टेरॉल तपासू. मनानं दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी दाब वाढतो. आणि रोज चालायचं.”

“गणवेश संपले की...”

“हृदय तोवर वाट पाहणार आहे का?”

बाईंनी बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाल्या, “चालेन. रोज. शब्द देते.”

मी परत घरी आले. आता फुगा बाईंचे यजमान दाबतात. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टा बाहीवरूनच आवळला.

“अहो, बाही वर करा आधी!”

“शिंपिणीला बाहीचं फार!”

मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांची दुखणी सांभाळणारे कुणी असेल, तर त्यांचे कोण पाहते, एवढे विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.

आज गणवेशांचा ढीग खुर्चीच्या पाठीपर्यंत आला आहे. दारात गिऱ्हाईक.

“बाई, आत्ताच हवे होते हो.”

“दुपारी या.”

बाईंनी खडू खाली ठेवला. आखडलेल्या बोटांनी सावकाश बूट चढवले, दार आवाज न करता ओढून घेतले, आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या.