सतरा नंबरचा फॉर्म

नातीनं, ज्ञानेश्वरीनं, रडत रडत दाखला वाचून दाखवला आणि मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडली.’ कसली विनंती अन् कुणी केली? शेवगावकडच्या त्या हायस्कुलात सहा वर्षं खिचडी शिजवणारी बाई ती. आई-बाप निम्मं वर्ष ऊसतोडीला, म्हणून पोरीची पालक तीच. रोज तांदळाच्या वहीत सही करायची. परवा क्लार्क पुंजारामनं त्याच वहीत एक कागद सरकवला, आधण उतू चाललं होतं, हिनं न विचारता सही ठोकली. स्वतःच्या हातांनी! थोबाडीत मारून घ्यावं असं तिला झालं.

जाब विचारायला ती ऑफिसात गेली, तर हेडमास्तर देशमान्यांनी कधी नव्हे ती खुर्ची दिली. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला नाही तर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब फाडून खातात, म्हणाले. पोरीचं गणित कच्चं. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं, म्हणजे नापास झाली तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. पेपर तेच, परीक्षा तीच. लई गोड बोलला मेला. शाळेतून नाव गेलं की पोरगी घरी बसणार, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? बापानं स्थळ हेरून ठेवलेलं. शाळा चालू आहे म्हणून थांबला होता, आता दिवाळीनंतर पंधराव्या वर्षी नवऱ्याबरोबर उसाच्या फडात.

आणि शाळा तरी कुणाची? बागायतदारांची पोरं पिवळ्या बसनं इंग्लिश शाळेत जातात, देशमान्यांचा मुलगाही त्याच बसमध्ये. राहिली ती वस्तीवरची, ऊसतोड्यांची. एकशेबारा पोरांत ऐंशीच्या वर. ताटं वाढणारीला हे हजेरीपटापेक्षा पक्कं ठाऊक.

दसऱ्याला आठ दिवस होते, टोळ्या अजून निघाल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी मुक्ताबाईनं वस्तीतलं एक घर सोडलं नाही. दारोदार आधी स्वतःच्या अकलेला शिव्या घातल्या, मग देशमान्यांना.

सकाळी ऑफिससमोर त्रेपन्न पालक उभे. प्रत्येकाच्या हातात अर्ज, सगळ्यांचं मागणं एकच: आमच्या पोरांचे दाखले द्या. कारण काय? पालकांची विनंती.

देशमान्यांचं तोंड उतरलं. एवढी पोरं गेली तर वर्ग बंद, मास्तर अतिरिक्त ठरून दुसरीकडे. आत या, बसून बोलू, म्हणाले. मुक्ताबाईनं पायरी चढायला नकार दिला. शेवटी पुंजारामनं बाहेर येऊन सगळ्यांदेखत ज्ञानेश्वरीच्या दाखल्यावर ‘रद्द’ लिहिलं आणि हजेरीपटात तिचं नाव पुन्हा चढवलं.

“उद्या ही नापास झाली म्हणजे?” देशमाने दातओठ खात म्हणाले.

“झाली तर झाली,” मुक्ताबाई म्हणाली. “पन तुमच्या शाळेतून होईल. पाच वर्सं तुमी काय शिकवलं, ते बी निकालात दिसू द्या की.”