लोरेटाची प्रॉम्प्टर

लंडनजवळच्या इल्फर्डच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीतलं नाटक दरवर्षी व्हायचं आणि त्यात दरवर्षी एकच माणूस पाठांतर करून यायचा: विंगेत वही घेऊन बसणारी सुहासिनी. बाकी सगळे डॉक्टर. कुणी ऑन-कॉल, कुणी थेट वॉर्डातून मिशी चिकटवायला आलेला. 'सुहासिनी आहे ना विंगेत,' एवढ्या भांडवलावर मंडळींनी सतरा वर्षं तीन-तीन अंक ओढले. विनय कानिटकर तर एका साली नायक होता आणि त्याची वाक्यं मागच्या रांगेला आधी सुहासिनीच्या तोंडून ऐकू यायची, मग त्याच्या. टाळ्या मात्र विनयला.

ही झाली हौस. पोटापाण्यासाठी म्हणाल तर नवरा पद्माकर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता, त्यामुळे तशी गरज नव्हती. पण मुलगी अलका कॉलेजसाठी लीड्सला गेली तसं सुहासिनीला घर खायला उठलं आणि तिने लंडनच्या एका टीव्ही स्टुडिओच्या कपडेपटात नोकरी धरली. तिथे १९९३च्या मार्चमध्ये तिच्यासमोर फिटिंगला उभी राहिली लोरेटा हॅस्केल.

लोरेटा म्हणजे अमेरिकेतल्या एका विनोदी मालिकेतली तोंडाळ शेजारीण. अकरा वर्षं दर आठवड्याला तिने अमेरिकेला हसवलं आणि ते भाग इथेही लागले तेव्हा इल्फर्डला हसवलं. अलका शाळेतून आली की दप्तर टाकून तिलाच बघत बसायची. मग मालिका संपली. शेजारणीला स्वतःचं घर द्यायचं कुणाला सुचलं नाही. कुठे एका भागापुरती आत्या, कुठे मांजराच्या खाण्याची जाहिरात, असं करत बाई बासष्ट वर्षांच्या झाल्या. आता इथे एका नव्या मालिकेचा नमुना-भाग होणार होता. इंग्लंडमधल्या मुलाच्या घरी येऊन ठाण मांडणारी अमेरिकन आई, ही तिची भूमिका. भाग चॅनेलला आवडला तर मालिका, नाही तर परतीचं विमान.

सुहासिनीच्या तोंडात टाचण्या आणि लोरेटाच्या हातात संहिता, असं पहिलं फिटिंग चाललं होतं. लोरेटा एक वाक्य म्हणाली, थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. सुहासिनीने टाचण्या काढून पुढचं वाक्य सांगितलं. लोरेटाने जाऊन दार लावून घेतलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "राहतच नाही डोक्यात. कुणाला सांगू नकोस. एकदा कळलं की मला कुणी दारात उभं करणार नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सुहासिनीला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसापासून फिटिंगच्या नावाखाली रोज तीन तास घोकंपट्टी सुरू झाली. कपडेपटात एका ब्लाउजला इतकी फिटिंग्ज लागत नाहीत, पण कुणी विचारलं नाही. तालमीत बाई अडखळली की लोक म्हणायचे, प्रवासाचा शीण.

रेकॉर्डिंगच्या संध्याकाळी तीनशे प्रेक्षक आले. तिसऱ्या रांगेत चॅनेलचे मोठे साहेब बसले. पाचव्या रांगेत पद्माकर बसला होता. "अहो, उगाच लाउडली हसू-बोलू नका, माइकमध्ये येतं," असं सुहासिनीने त्याला बजावून ठेवलं होतं. "मी कशाला बोलतोय?" तो म्हणाला होता. "तू तुझं बघ."

पहिले दोन प्रवेश सुरळीत पार पडले. तिसऱ्यात लोरेटा बॅग घेऊन मुलाच्या स्वयंपाकघरात शिरते. सुहासिनी खोट्या भिंतीमागे सुईदोरा घेऊन उभी होती.

"मी पाहुणी म्हणून नाही आले," लोरेटा म्हणाली. आणि थांबली.

एक क्षण गेला. दोन गेले. लोरेटाचे डोळे रिकामे झालेले सुहासिनीला फटीतून दिसले. मग उचलली जीभ लावली टाळ्याला! सतरा वर्षांची खोड, ती कुठली गप्प बसते?

"मरायला आले! आधी चहा कर!" भिंत खणखणीत आवाजात पुढचं वाक्य बोलली.

तीनशे माणसं खो खो हसली. पद्माकरने कपाळाला हात लावला. निर्माता हसला नाही. तो तरातरा सेटवर आला. "कोण होतं ते?"

सुहासिनी मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीसकट बाहेर आली. "सॉरी. माझी चूक. मॅडम मुद्दाम थांबल्या होत्या, मला उगाच वाटलं विसरल्या."

"कोट घे आणि घरी जा. उद्या यायचं कारण नाही."

आता लोरेटाने फक्त गप्प राहायचं होतं. तिचं गुपित शाबूत होतं, प्रेक्षक हसरे होते, साहेब खुर्चीत होते. तिने गप्प राहायलाच हवं, असं सुहासिनीलाही मनापासून वाटत होतं.

"ती खोटं बोलतेय," लोरेटा म्हणाली. माइक चालू होता. "मी विसरले. दोन वर्षं विसरतेय. या आठवड्यात मी जे काही बरोबर बोलले ते हिने घोकून घेतलं म्हणून. हिला जावं लागणार असेल तर मीही जाते. नाही तर खुर्ची द्या, इथे पुढे, मला दिसेल अशी."

एकाने खुर्ची आणून ठेवली.

त्यानंतर लोरेटा चारदा अडली. चारदा तिने राजरोस सुहासिनीकडे पाहिलं, वाक्य घेतलं आणि पुढे गेली. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची तेवढी रिकामी झाली होती.

मेकअपच्या खोलीत सुहासिनी लोरेटाच्या कॉलरच्या टाचण्या काढत होती, तेव्हा निर्माता दारात आला. काम उत्तम झालं म्हणाला, तुमच्या एजंटला फोन करू म्हणाला, आणि नजर न मिळवता गेला. त्याचा अर्थ दोघींनाही कळला: परतीचं विमान. सुहासिनीला रडू आवरेना.

"माझ्यामुळे झालं हे. माझ्या जिभेमुळे."

"रडू नकोस गं, टाचणी टोचेल मला." लोरेटाने तिचा हात धरला. "दोन वर्षं मी समोरच्याचं बोलणं ऐकलंच नव्हतं. तो बोलायचा आणि मी आपलं पुढचं वाक्य शोधत बसायची. आज ऐकलं. तो माझा मुलगा झालाय ना, तो पोरगा, किती छान काम करतो गं!"