थंड खोलीची खुंटी

हिरव्या छपराची ती दुकानं आता कुठेच उरलेली नाहीत. एके काळी दर वस्तीत एक होतं. सगळीकडे तेच छप्पर, त्याच ढकलगाड्या, त्यांचं एक चाक हमखास रुसलेलं, आणि दारातून आत पाऊल टाकलं की तोच वास: ताज्या पावाचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा. परवा नात्यातल्या एका लग्नात जेवताना कुणीतरी त्या दुकानांचा विषय काढला आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं विरघळली. कुणाला तिथली बिस्किटं आठवली. कुणाला आई गाडीत बसवून फिरवायची ते आठवलं. एक गृहस्थ म्हणाले, "काय दिवस होते हो." माझी वहिनी ताट तसंच ठेवून उठली आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

लोकांना वाटलं, तिला बरं वाटत नसेल. मीही तिच्यामागे उठले. मनात आलं, आता सांगावं. दुकानही गेलं, कंपनीही गेली; देवाच्या कृपेने माणूस तेवढं राहिलं आहे.

आमच्या वस्तीतल्या शाखेत मी पावाच्या काउंटरवर होते. वहिनी, माझ्या थोरल्या भावाची, दादाची, बायको, दूध-लोणी आणि गोठवलेला माल सांभाळायची. तिनेच शब्द टाकून मला तिथं लावलं होतं. सकाळी आम्ही नणंद-भावजय एकाच बसने यायचो आणि एकाच बसने परतायचो. वाटेत तिची गुणगुण चाललेली असायची. आम्हा दोघींनाही गाऊन केलेल्या निरूपणाचं वेड. एखादा चांगला निरूपणकार आला की स्वयंपाक आटपून पहिल्या रांगेत जाऊन बसायचं, आणि मग आठवडाभर त्याच चाली तोंडात.

तिचं निम्मं काम थंड खोलीत असे. दुकानाच्या मागच्या बोळात, जाड दाराची, पत्र्याने मढवलेली खोली. तिचं यंत्र इतकं जुनं झालं होतं की मधूनच ठकठक ठोके द्यायचं. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. "म्हातारा खोकतोय," असं म्हणून पुढे जायचं, एवढी त्या आवाजाची सवय.

खरी गोम दारात होती. ते आपोआप बंद व्हायचं, आणि आतून उघडायचा दांडा कधीचा निकामी झालेला. वर कळवलं की उत्तर यायचं, पुढच्या महिन्यात बघू. वहिनी म्हणायची, "मनाचं दार आतून उघडतं, असं निरूपणात सांगतात. या दाराने निरूपण ऐकलेलं दिसत नाही."

मग आमच्या माणसांनी आपली आपण रीत पाडली. दाराबाहेर एक लोखंडी खुंटी होती. आत जायचं तर अंगातला हिरवा अ‍ॅप्रन काढून त्या खुंटीवर अडकवायचा, जाड कोट चढवायचा आणि मग आत. खुंटीवर अ‍ॅप्रन म्हणजे आत माणूस. बोळातून कुणीही जात असो, अ‍ॅप्रन दिसला की दार ओढायचं आणि विचारायचं, "कोण आहे आत?" आतून उत्तर आलं की, काम झालं असेल तर त्याला बाहेर घ्यायचं, नाहीतर पुढे जायचं. बाहेर आल्यावर आपला अ‍ॅप्रन काढून घ्यायचा. एवढंच. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. वहिनीला तर कुणी विचारायचीही गरज नसे. दार ओढलं की आतून गाणंच बाहेर यायचं. "गाणाऱ्याला थंडी कमी वाजते," असं तिचं शास्त्र.

मग एकेक शाखा मिटायला लागली. आधी दूरच्या, मग नदीपलीकडची, मग शेजारच्या वस्तीतली. आमच्याकडे माल कमी येऊ लागला. फळीवर पुढे एक रांग डब्यांची आणि मागे नुसती पोकळी, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून रिकामी खोकी लावलेली. दिवे एकाआड एक काढले. मागच्या भागात दिवसासुद्धा संध्याकाळ वाटायची. गिऱ्हाइकं आली तरी हळू आवाजात बोलायची, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी.

माणसं कमी झाली तेव्हा पहिला नंबर मांसाच्या काउंटरवरच्या खाटीकदादाचा लागला. आडदांड, पण मुंगी मेली तरी हळहळणारा. जायच्या दिवशी त्याने आपला अ‍ॅप्रन धुऊन, वाळवून आणला आणि थंड खोलीच्या खुंटीवर अडकवून दिला. निरोप म्हणून.

वहिनीने तो पाहिला, धावत जाऊन दार ओढलं, हाका मारल्या. आत काळं कुत्रं नाही. पार मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आली. मग तो अ‍ॅप्रन मुठीत धरून दुकानभर खाटीकदादाला शोधत फिरली.

"दादा, हा तुम्ही लावलात?"

"हो गं. या खुंटीनेच सांभाळलं इतकी वर्षं. म्हटलं, तिलाच देऊन जावं."

"तुमची माया मला कळते. पण खुंटीवर खोटं बोलायचं नाही. आज बोललात, उद्या कुणी विश्वास ठेवणार नाही."

खाटीकदादा ओशाळला. तो अ‍ॅप्रन परत घेऊन गेला. पण बाकीच्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांना ती कल्पना मनापासून आवडली होती.

शेवटच्या दिवशी मुख्य कार्यालयाचे साहेब आले. टाय लावलेले, सौम्य, थकलेले. त्या वर्षी त्यांनी किती दुकानांना टाळं लावलं असेल, कुणास ठाऊक. दुपारीच दुकान बंद करायचं ठरलं. उरलंसुरलं पडत्या भावाने काढून टाकायचं, अ‍ॅप्रन जमा करायचे, पुढच्या दाराने बाहेर पडायचं. थंड खोलीचं यंत्र मात्र चालू ठेवायचं, कारण दुसऱ्या दिवशी त्याचं गिऱ्हाईक ते चालताना बघायला येणार होतं.

मी पुढे पावाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांच्या गराड्यात. तेवढ्यात वहिनी डोकावून म्हणाली, "वन्सं, लोण्याचे शेवटचे ट्रे तेवढे काढून आणते. मग निघू."

"लवकर ये," मी म्हटलं. "बस चुकली तर दादा आपल्या दोघींना उपाशी ठेवेल."

"त्यांना चहा तरी करता येतो का? तेच उपाशी राहतील." असं म्हणून ती मागे गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण नंतर सगळं जुळवलं. वहिनीने बोळात आपला अ‍ॅप्रन खुंटीवर अडकवला, कोट चढवला आणि ती आत गेली. दार मागून बंद झालं. काही वेळाने बोळात दुसरं कुणी आलं. त्याच्या हातात जमा करायचा अ‍ॅप्रन होता. खुंटीवर आधीच एक दिसला. इतर दिवशी त्याने दार ओढलं असतं. त्या दिवशी त्याला वाटलं, हिनेही खाटीकदादासारखाच निरोप घेतला वाटतं. त्याने आपला वहिनीच्या अ‍ॅप्रनवर अडकवला. मग आणखी कुणी आलं, मग आणखी कुणी. डोळे भरून येत होते, थट्टा चालली होती. कुणी खुंटीला हात लावून पाया पडलं. म्हातारा खोकत होता. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बघ, म्हातारा पण निरोप देतोय."

काउंटर आवरून मी इकडेतिकडे पाहिलं तर वहिनी नव्हती. साहेब सगळ्यांना दाराकडे वळवत होते. मी विचारलं, तर गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "ताई, त्यांचा अ‍ॅप्रन लागलाय की मागे. गेल्या असतील पुढे." मला वाटलं, बसची रांग धरायला गेली असेल. मी बाहेर पडले.

थांब्यावर वहिनी नव्हती. एक बस आली आणि गेली. मी उभीच. ऊन लागायला लागलं तसं स्वेटर काढला, आणि खाली अ‍ॅप्रन तसाच अंगात. घाईत जमा करायचाच राहिला होता. नुसतं हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण मला हसू आलं नाही.  का ते सांगता येणार नाही. देव कधी कधी कानात बोलत नाही, पोटात बोलतो.

मी परत गेले. दुकानाची जाळी उतरली होती. आतले दिवे बंद. काचेतून रिकाम्या फळ्यांच्या रांगा दिसत होत्या, एकामागे एक, पार अंधारापर्यंत. कुलूपदादा, म्हणजे आमचा पहारेकरी, चाव्यांचा जुडगा साहेबांच्या हाती देत होता आणि साहेब दारावर कागदाचं सील चिकटवत होते.

"साहेब, माझी वहिनी आत राहिली असेल."

"आत कुणी नाही बाई. मी स्वतः फिरून पाहिलं."

"थंड खोली पाहिलीत?"

"खोलीच्या बाहेर सगळ्यांचे अ‍ॅप्रन टांगलेत. माणसं गेली म्हणून तर अ‍ॅप्रन आहेत ना?" ते शांतपणे समजावत होते. "आता सील लागलंय. ते तोडायचं तर मला वर विचारावं लागेल."

 आमच्या सगळ्या आयुष्याची खूण त्यांनी उलटी वाचली होती. आणि त्यांना दोष कसा द्यावा? आमच्याच माणसांनी ती उलटी लिहिली होती.

मी कुलूपदादाकडे वळले. "दादा, तुम्ही पण तिथंच अडकवलात?"

"हो. सगळ्यांत शेवटी."

"सगळ्यांत खाली कुणाचा होता?"

तो आठवायला लागला. "खालचा... त्याचा एक पट्टा पांढरा. फाटलेला, पिशवीच्या कापडाने शिवलेला."

"माझ्या वहिनीचा. दादा, ती निरोपाला अ‍ॅप्रन त्या खुंटीवर लावेल?"

कुलूपदादाच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. खाटीकदादाला ती काय म्हणाली, ते त्याने ऐकलं होतं. त्याने साहेबांच्या हातातून जुडगा ओढून घेतला, विचारलंही नाही. सील फाटलं. साहेब एवढंच म्हणाले, "अहो थांबा," आणि मग तेही आमच्यामागे धावले.

बोळात अंधार होता. कुलूपदादाची विजेरी खुंटीवर पडली. अ‍ॅप्रनवर अ‍ॅप्रन, एवढा मोठा ढीग की दाराचा दांडाही झाकलेला. दाराला पाठ लावून हिरव्या कपड्यातलं कुणीतरी उभं आहे, असं क्षणभर वाटलं. म्हाताऱ्याचा ठोका ऐकू येत नव्हता. यंत्राची घरघर तेवढी होती.

मी ढीग खाली ओढला. दार उघडलं.

वहिनी दारालगत खोक्यावर बसली होती, कोटात मान घातलेली, लोण्याचा ट्रे मांडीवर. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी कान लावला तेव्हा कळलं, निरूपणातलंच पद चाललं आहे, चाल तेवढी राहिली आहे. साहेबांनी आपला कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि मग ते भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना ओकारी झाली.

वहिनी वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांत अजून जीव नाही. सुईत दोरा मी ओवून देते. ती गाते, पण बंद दाराआड कधी नाही. आमच्या घरात न्हाणीघराचं दारही ती ओढून घेते, कडी लावत नाही, आणि दादाने इतक्या वर्षांत एकदाही तिची थट्टा केलेली नाही.

लग्नातल्या त्या दिवशी मी तिच्यामागे बाहेर गेले. ती भिंतीला टेकून उन्हात उभी होती. आजवर मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"वहिनी, आत काय वाटत होतं तुला?"

ती बोटं चोळू लागली. मग म्हणाली, "वन्सं, मला सगळं ऐकू येत होतं. एकेक जण येत होता. कोण आलं, ते पावलांवरून कळत होतं. माझी हाक यंत्राच्या घरघरीत बुडत होती, म्हणून मी दार ठोकत होते. आणि बाहेर म्हणत होते, म्हातारा खोकतोय."

मी तिचा हात धरला.

"कुलूपदादा म्हणाला, झालं, हा शेवटचा. तेव्हा ठोकायचं सोडलं मी. डोळे मिटायला लागले होते. मग मनात मोजलं, कोण कोण येऊन गेलं. तुमचीच पावलं तेवढी आली नव्हती. म्हटलं, वन्संचा अ‍ॅप्रन अजून बाहेर आहे. तो लावायला त्यांना इथंच यावं लागेल. म्हणून जागी राहिले."

आतून कुणीतरी आम्हाला जेवायला हाक मारली. आम्ही गेलो. ती दारापाशी थांबली, आधी मला आत जाऊ दिलं, आणि मागून दार उघडं राहील अशी एक खुर्ची लावून ठेवली.

तो अ‍ॅप्रन माझ्याकडे आहे. त्या दिवशी माझ्या अंगात राहिलेला, आता कपाटात घडी करून ठेवला आहे. कुठेही टांगलेला नाही.