शिवेपलीकडची राखण

मित्रांनो, मी एक जुना कोंबडा आहे. तुम्हाला हसू आलं असेल. होड्या जुन्या होतात, भांडी जुनी होतात. पण वडे-सागोतीच्या आमच्या मुलखात म्हातारा झालेला कोंबडा तुम्ही कधी पाहिला आहे का? तुरा जरा रुबाबदार झाला की त्याचा रस्सा होतो. मी मात्र म्हातारा झालो. माणसं जीव मुठीत धरतात. मला मूठ नाही, म्हणून मी तो पंखाखाली धरून आजवर जगलो.

माझा जन्म मिठबावला गुरुदासांच्या घरी झाला. गुरुदासांची एक छोटी होडी आहे आणि घरामागे हापूसची थोडी कलमं आहेत. आईच्या पंखाखालून मी पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं, तेव्हा समोर त्यांची मुलगी रसिका बसली होती. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. माझा रंग बघून तिनं माझं नाव तांबड्या ठेवलं. रोज सकाळी ती मला भाताची शितं टाकी आणि शेजारी बसून मोठ्यानं अभ्यास करी. माशांच्या अंड्यांबद्दल मला जेवढी माहिती आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याही कोंबड्याला नसेल.

तिचं कॉलेज संपत आलं आणि घरात एक नवा शब्द आला, नॉर्वे. तिथल्या विद्यापीठात समुद्राचं पुढचं शिक्षण घ्यायचं, असं रसिकानं ठरवलं होतं. बाबांच्या जाळ्यात पापलेट का येईनासं झालं, हे तिला शोधायचं होतं. गुरुदासांना यातलं काही कळेना. त्यांनी कुडाळहून निलेशला बोलावलं. मुलांना परदेशी कॉलेजांत पाठवणं हा त्याचा धंदा.

“काका, नॉर्वेचो व्हिसा कठीण,” निलेश ओटीवर चहा पीत म्हणाला. “मी सांगतंय त्या देशात घाला. मॅनेजमेंटचो कोर्स. व्हिसाची ग्यारंटी.”

“मॅनेजमेंट शिकान मी काय बांगड्यांचा ऑफिस चालवू?” रसिका म्हणाली.

तिची आई नर्मदा आतून बाहेर आली. “खंयच जाव नको. दाजींचो झील गेलो तो थंयचोच झालो. आता म्हातारो फोनकडे बघीत बसता.”

दाजी म्हणजे आमचे शेजारी, त्यांचा मुलगा परदेशी गेला तो परतलाच नाही. त्यांच्या अंगणात मी चरायला जातो. नर्मदा बोलली त्यात काही खोटं नव्हतं.

गुरुदास खवळलेल्या समुद्रात होडी घालताना डगमगत नाहीत. पण व्हिसा हा शब्द ऐकला की ते उठून अंगणात जात. मुलीचा हट्ट मोडवत नव्हता आणि परक्या देशानं दारातून परत पाठवली तर तिचं काय होईल, हे भय जात नव्हतं. अशा वेळी आमच्याकडची माणसं करतात तेच त्यांनी केलं. रसिकाला न विचारता ते मला बगलेत मारून राखणदाराकडे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाकडे गेले. कलमांच्या टोकाला वडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. गावच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारे वयस्कर भाई तिथे आधीच येऊन थांबले होते.

“बा राखणदारा म्हाराजा,” भाईंनी हात जोडले, “ह्या लेकरू परमुलखात शिकूक जाव्क बघता. तेचो व्हिसा होवंदे. वाटेत काय इडा-पिडा आसात ती दूर कर. काम झाला की ह्यो तांबडो कोंबडो तुका देतलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गुरुदास म्हणाले.

माझ्या पायात लाल दोरा बांधला गेला. मला वाटलं, हा काहीतरी मान आहे. मी मान ताठ करून घरी आलो. खुराड्यातल्या एका म्हाताऱ्या कोंबडीनं दोरा पाहिला आणि तिनं मला सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून मी दाणा धड टिपला नाही. बाकीचे कोंबडे माझी चेष्टा करत. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, दुसरं काय! त्यातला एक पुढच्याच रविवारी पाहुण्यांच्या पानात गेला.

तेव्हापासून घरात फोन वाजला की मी खुराड्याच्या कोपऱ्यात शिरे. सगळं घर व्हिसा मिळावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि मी एकटा तो मिळू नये म्हणून खुराड्यात डोळे मिटून बसलेला.

पहिल्या वेळी व्हिसा नाकारला गेला. मी आनंदानं आरवायला चोच उघडली आणि समोर रसिका दिसली. ती खुराड्याला टेकून रडत होती. तिनं माझ्या पायातल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

“तांबड्या, तू तरी सुटलंस रे,” ती म्हणाली.

तिला नवसाचं कळलं होतं तर! मी उघडलेली चोच तशीच मिटली. त्या दिवशी मी आरवलो नाही.

निलेश पुन्हा आला. तोच देश, तोच कोर्स, तीच ग्यारंटी. रसिकानं त्याला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. व्हिसा मिळतो म्हणून नको ते शिकायला मी जाणार नाही, असं ती आईला म्हणाली. पुढच्या वर्षी तिनं नॉर्वेलाच पुन्हा अर्ज केला आणि या वेळी व्हिसा मिळाला.

नर्मदा दोन दिवस जेवली नाही. गुरुदास तिला म्हणाले, “कोंबडा झाकला म्हणान उजाडूचा रवता काय?” बघा मित्रांनो, म्हणीतसुद्धा झाकायला आम्हीच! त्याच दुपारी त्यांनी कोयत्याला धार लावली. तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

सकाळी मला पाषाणापुढे नेलं. मी पंख फडफडवले, पण गुरुदासांची पकड नाखव्याची. भाई गाऱ्हाणं घालणार एवढ्यात रसिका पुढे आली.

“भाई, राखणदाराची हद्द खंयपर्यंत?”

“गावच्या शिवेपर्यंत,” भाई म्हणाले. “शीव ओलांडली की थंय दुसऱ्याची राखण.”

“मगे नॉर्वेत ह्यो माका कसो राखतलो? त्येचा काम खंय पुरा झालाहा? मी परत शिवेच्या आत पाय ठेवतलंय, तेव्हा त्येका त्येचो कोंबडो द्या.”

भाईंनी डोकं खाजवलं, पाषाणाकडे पाहिलं, पुन्हा रसिकाकडे पाहिलं. देवाच्या हद्दीबाहेरचं काम देवावर लादून बसलो, ही चूक त्यांना पटली. त्यांनी नवं गाऱ्हाणं घातलं. लेकरू शिकून सुखरूप शिवेच्या आत आलं की मग कोंबडा. तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. गुरुदास “व्हय म्हाराजा” म्हणाले.

नर्मदा म्हणाली नाही. तिनं विचारलं, “म्हणजे थंय तुका राखतला कोण गो?”

रसिकानं मला गुरुदासांच्या हातून घेतलं. घरी येताना तिनं मला छातीशी धरलं होतं आणि तिचं काळीज माझ्यासारखंच धडधडत होतं. तिलाही भीती वाटत होती. पण आपण कुठे जायचं, हे तिनं स्वतः ठरवलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

रसिका गेली आणि मी राहिलो. मला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी माजून जायला हवं होतं. पण नर्मदा शितं टाकायला येई आणि माझ्याकडे बघत उभी राही. “तू जितो आसस, म्हणजे माझा चेडू अजून लांब आसा,” असं ती लेकीच्या आठवणीनं म्हणे. तिला माझा राग नव्हता. तरी मी शितं तशीच टाकून खुराड्यात शिरे.

फोनवर रसिका दिसे. मागे पांढरंशुभ्र बर्फ. “आई, तांबड्याक दाखव गो,” ती म्हणे. मग एका हिवाळ्यात तिचा फोन येईनासा झाला. इकडून केलेला लागेना. गुरुदास होडी घेऊन गेलेच नाहीत. नर्मदा माझ्या खुराड्याशी येऊन बसली आणि मला शितं टाकायचं विसरली. मलाही शितांची आठवण झाली नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती माझ्या गळ्यासाठी नव्हती. नंतर फोन आला. ती तापानं आजारी होती, आता बरी होती. नर्मदा हसत हसत रडली.

आता तिचं शिक्षण पुरं झालं आहे. तिथेच राहून काम कर, असं तिला तिथले लोक म्हणाले होते. नर्मदानं ये म्हटलं नाही की राहा म्हटलं नाही. मग आज वाटेतूनच तिचा फोन आला. “आई, मी येतंय. उद्या सकाळी कुडाळाक उतरतंय. आता हंयच्या समुद्राचा काम करूचा आसा.”

नर्मदा मूठभर तांदूळ घेऊन धावत माझ्याकडे आली आणि तिचा हात हवेतच थांबला.

“तांबड्या रे,” एवढंच ती म्हणाली. मग गुरुदासांकडे वळली. “नारळ ठेवलो तर चलाचा नाय?”

“बोल्लेला ता बोल्लेला,” गुरुदास म्हणाले. पण कोयत्याकडे न बघता ते जाळं उचलून उगाचच झाडत राहिले. “भाईंका विचारून बघतंय.”

भाई काय म्हणतील, मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्हीही एक दिवस शिकायला लांब जाल. कुठे जायचं ते नीट पारखून तुम्हीच ठरवा. कुणाच्या ग्यारंटीवर जाऊ नका. घरी फोन करत जा. आणि तुमच्यासाठी कुणी नवस बोलत असेल, तर त्याला सांगा, बोलायचंच तर आपलं काही बोला. दुसऱ्याचा जीव बोलू नका. तो बिचारा खुराड्यात बसून फोनची रिंग ऐकत असतो.

मी खुराड्यावर चढून रस्त्याकडे तोंड करून बसलो आहे. खूप भीती वाटते आहे. तरी सकाळी गाडी गावाजवळ आली की मी असा आरवणार आहे, की रसिकाला ते शिवेपलीकडे ऐकू जावं.